गुणपडताळणी पुरेशी का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. बारावीच्या गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, हा माझा सल्ला खाऊनपिऊन सुखी घरांपुरताच आहे आणि इतरांना साधी गुणपडताळणी पुरते, असे आपले म्हणणे आहे. त्यातला खर्चाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. 2025 च्या निकालानंतर राज्य मंडळाचे शुल्क प्रत्येक विषयासाठी गुणपडताळणीला 50, छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला, म्हणजे उत्तरे नव्याने तपासून घेण्याला, 300 रुपये होते. म्हणजे छायाप्रत घेऊन एका विषयाचे पुनर्मूल्यांकन करायचे तर 700 रुपये लागतात, आणि हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही.

परंतु गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. समजा, भौतिकशास्त्रातील तीन गुणांच्या उदाहरणात मुलीने सूत्र बरोबर लिहिले, किमती नीट घातल्या, फक्त शेवटच्या आकडेमोडीत दशांशचिन्ह चुकले, आणि परीक्षकांनी पायऱ्यांचे गुण न देता समासात शून्य मांडले. ते शून्य बेरजेत बिनचूक धरलेले असल्यामुळे पडताळणीत गुण आहेत तेवढेच राहणार. ही चूक छायाप्रतीतच दिसते, आणि पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत घेणे मंडळाने बंधनकारकच केलेले आहे. ती विषयशिक्षकांना दाखवल्यावर त्यांनी गुण रास्त असल्याचे सांगितले, तर पुढचे 300 रुपये वाचतात. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मात्र छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करावा लागतो, म्हणून शिक्षकांना आधीच विचारून ठेवावे. मे महिन्यात बरेच जण गावी गेलेले असतात.

खर्चाचा प्रश्न मी वेगळ्या ठिकाणी विचारतो: वाढलेल्या गुणांनी प्रवेशात काय फरक पडणार आहे? राज्यात अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटी या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्यावर) लागते, आणि बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 व राखीव प्रवर्गाला 40 टक्के असले की पात्रता पूर्ण होते. अशा मुलाने 78 चे 81 व्हावेत म्हणून एक रुपयाही घालवू नये, असे मला मनापासून वाटते. तीनच गुणांनी पात्रता हुकत असेल, एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी लागणारे 75 टक्के थोडक्यात राहिले असतील किंवा बीएस्सी-बीकॉमचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवरच होणार असेल, तर मात्र उसनवारी करूनही छायाप्रत घ्यावी.

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्यांनी पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत बसू नये. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज त्यांनी मुदतीत भरावाच, कारण ती तारीख टळली तर पुढची संधी थेट फेब्रुवारीत येते.