‘काम सोडा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

दमा असूनही फर्निचरच्या कारखान्यात काम कसं करावं, यावर मी लेख लिहिला. त्यावर ‘श्वासाची किंमत असलेला माणूस असलं काम सोडतो, त्यात टिकायच्या युक्त्या शिकवत बसत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. मत वेगळं असायला हरकत नाही, पण हा तुच्छतेचा सूर कशासाठी? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

मी उभी हयात फर्निचरच्या कारखान्यात काढली, दम्यासकट. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, सँडर (घासायचं यंत्र) फिरवला की भुवया पांढऱ्या होतात. ती धूळ दिसते तरी. छातीत खोल उतरते ती दिसतही नाही. काम दुपारी आणि खोकल्याची उबळ रात्री, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाला लागत नाही. मी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकर किती जोरात जाते ते मोजणाऱ्या नळीत, दिवसातून चार-चार वेळा फुंकून आकडे वहीत उतरवले, सुट्टीच्या दिवसांचेही. कामावर आकडा घसरतो, सुट्टीत चढतो, हे वहीत दिसलं तेव्हा कुठे डॉक्टर आणि मालक दोघांनी मनावर घेतलं. सँडरला धूळ ओढणारी नळी लागली, कोरडा झाडू जाऊन व्हॅक्यूम आला. मास्क या सगळ्यानंतर. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. आणि दाढी असेल तर कडेने धूळही आत शिरते. याला तुम्ही ‘युक्त्या’ म्हणता. आम्ही यावर जगतो.

काही जणांना काम सोडावंच लागतं, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घट्ट करायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची एकदा ॲलर्जी बसली की जराशा वाफेनेही दमा उसळतो. तिथे मास्कच्या भरवशावर राहू नये, त्या कामातून बाहेर पडावं, असं मूळ लेखात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

लेखात स्पेसरचा, म्हणजे इनहेलरच्या तोंडाला लावायच्या पोकळ नळीचा, उल्लेख राहिला, हे मात्र मान्य. स्पेसर लावला की औषध घशात कमी बसतं, फुप्फुसात जास्त जातं. तुमच्या ‘इनहेलरची सवय लागते’ वगैरेंवर मी वेळ घालवणार नाही. रोजचा स्टेरॉइडचा पंप डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करू नका, एवढं वाचकांसाठी सांगतो.

आणि पुन्हा ‘काम सोडा’ लिहाल तेव्हा दुसरं काम कोणतं आणि ते मिळेपर्यंत घर कसं चालवायचं, तेही लिहा. इथे सँडर चालवणारी पोरं वाचतात.