तांब्याच्या कळशीत तेल ‘जिवंत’ राहत नाही, लवकर खवटतं

आमच्या आत्याने घाण्याचं करडईचं तेल तांब्याच्या कळशीत ओतून गॅलरीत उन्हाला ठेवलं, कारण घरच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता. तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला आहे. त्यातले दावे असे: लाकडी घाण्याचं शुद्ध तेल कधीच खवट होत नाही, तांब्यात ठेवून ऊन दाखवलं की ते ‘जिवंत’ राहतं, फ्रीजमध्ये गोठलं तर अस्सल, नाही तर भेसळ, रिफाइंड तेल टिकतं ते फक्त रसायनांमुळे. पुरावा म्हणून खाली एका तपासणी अहवालाचा फोटो, त्यात पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल बिघडायला लागल्याचा एक मोजलेला आकडा) २. मी तेलं तपासायचंच काम करते, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

आधी तांबं, कारण खरं नुकसान तिथे आहे. तेल खवटतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. असंतृप्त मेदाम्लांना ऑक्सिजन चिकटून पहिल्यांदा पेरॉक्साइडं तयार होतात. त्यांना वास नसतो. पुढे ती फुटतात, अल्डिहाइडं बाहेर पडतात आणि मग नाकाला खवट वास येतो. तांबं नेमकं हे फुटणं वाढवतं, आणि प्रत्येक फुटीतून खराब होण्याची नवी साखळी सुरू होते. त्याला तांबं लागतं तरी किती? वनस्पती तेलांसाठी कोडेक्सचं, म्हणजे खाद्यपदार्थांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, मानक आहे. त्यात तांब्याची कमाल मर्यादा रिफाइंड तेलाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आणि कोल्ड-प्रेस्ड, म्हणजे उष्णता न देता नुसतं दाबून काढलेल्या तेलाला ०.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १० किलो रिफाइंड तेलात १ मिलिग्रॅम, बस्स. आणि इथे लोक अख्खी कळशी भरून ठेवतायत! त्यात घाण्याच्या तेलात मोकळी मेदाम्लं जास्त असतात, ती तांबं आणखी ओढून घेतात. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याच घरांत हा मेसेज ‘परंपरा’ म्हणून फिरतोय. परंपरेने तेल ठेवायचं ते चिनी मातीच्या बरणीत, झाकण लावून, अंधाऱ्या फडताळात.

ऊन तर त्याहून वाईट. न गाळलेल्या, न शुद्ध केलेल्या तेलात थोडंफार हरितद्रव्य उरतं. ते उजेड शोषून ऑक्सिजनला अशा रूपात आणतं की तो लिनोलेइक आम्ल या असंतृप्त मेदाम्लावर नेहमीच्या हजारपटीहूनही वेगाने तुटून पडतो. आणि करडईच्या नेहमीच्या जातींच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्लच असतं. टिकवायला सगळ्यात नाजूक तेलांपैकी हे एक, आणि तेच उन्हात.

गोठण्याची परीक्षा दोन ओळींत संपते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, शेंगदाण्याचं तेल फ्रीजमध्ये घट्ट-गढूळ होतं, करडई आणि सूर्यफूल पातळच राहतात. हा ज्या-त्या तेलातल्या मेदाम्लांचा गुण आहे, शुद्धतेचा नाही. उलट भेसळीला वापरलं जाणारं स्वस्त पामोलिन (पाम तेलाचा पातळ भाग) फ्रीजमध्ये छान थिजतं. म्हणजे या परीक्षेत भेसळीचं तेल पास आणि अस्सल करडई नापास.

रिफाइंडबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. त्यात टीबीएचक्यू हे तेल खवटू न देणारं रसायन घालायला परवानगी आहे, किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत. पाकिटावर ‘३१९’ हा क्रमांक दिसेल. शुद्धीकरणात नैसर्गिक ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, हेही खरं. पण त्याच प्रक्रियेत तेल लवकर बिघडवणारे धातू आणि हरितद्रव्यही निघून जातं, म्हणून ‘फक्त रसायनांमुळे’ हे खोटं. घाण्याच्या तिळाच्या तेलात स्वतःचे रक्षक घटक असतात, ते खरोखर जास्त टिकतं. तिळाचा हा गुण करडईला किंवा जवसाला चिकटवता येत नाही. जवसाचं तेल तर करडईहूनही लवकर खवटतं.

राहिला तो अहवाल. पेरॉक्साइड व्हॅल्यू काढताना तेल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइड घालतात. पेरॉक्साइडं जितकी, तितकं आयोडीन सुटतं. स्टार्च टाकला की निळा रंग येतो, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडून तो घालवायचा. कोडेक्सची मर्यादा रिफाइंडला १०, कोल्ड-प्रेस्डला १५. तेल कधीच खवट होत नसतं तर ही मर्यादा घालावीच लागली नसती. शिवाय हा आकडा आधी चढतो आणि पेरॉक्साइडं फुटायला लागली की पुन्हा उतरतो. त्यामुळे २ हा आकडा ताज्या तेलाचा असू शकतो, तसाच पार बिघडलेल्या तेलाचाही. म्हणून पुढच्या टप्प्यातली अल्डिहाइडं मोजणारी अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यू सोबत लागते. फोटोतल्या अहवालात ती नाही, नमुना तेल काढल्यावर किती दिवसांनी घेतला तेही नाही. पुढच्या वेळी कोणी हा फोटो पाठवला तर या दोन गोष्टी मागा.