‘शून्यातून’ नव्हे!

रशियाने १९९३ मध्ये हात आखडता घेतल्यावर भारताने क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारे) रॉकेट इंजिन ‘शून्यातून’ उभे केले, हे या इंजिनावरील लेखातील विधान अभिमानास्पद असले तरी अपुरे आहे. अमेरिकेच्या दबावामुळे तंत्रज्ञानाचे हस्तांतरण थांबले हे खरे. परंतु तयार क्रायोजेनिक टप्पे (रॉकेटचे इंजिनासह भाग) रशियाकडून मिळाले आणि २००१ पासून जीएसएलव्ही या भारतीय प्रक्षेपक रॉकेटाची सुरुवातीची उड्डाणे त्यांच्याच बळावर झाली. स्वदेशी टप्प्याचे पहिले उड्डाण एप्रिल २०१० मध्ये फसले, यश आले ते ५ जानेवारी २०१४ रोजी, आणि त्याही इंजिनाची मूळ रचना रशियन इंजिनावर बेतलेली होती. स्वतंत्र आरेखन म्हणावे तर ते चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ या रॉकेटातील सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाचे, ज्याचा लेखात साधा उल्लेखही नाही.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्या रॉकेटांमधले ‘विकास’ हे द्रव इंधनावरील इंजिनही फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरूनच आले, पण पुढे ते आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडू लागले. मी स्वतः यंत्रशाळेत तपासनीस म्हणून उमेदीची वर्षे घालवली (अवकाशाशी आमच्या कामाचा संबंध नव्हता), त्यामुळे एवढे नक्की सांगू शकतो की परक्याचे आरेखन हाती आले तरी त्यातला वेल्डिंगचा सांधा कसा साधायचा, हे आरेखनात लिहिलेले नसते; मग उणे २५३ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हायड्रोजनला गळती न होऊ देणाऱ्या सांध्यांची गोष्टच वेगळी. लेखकाने त्या कारागिरांविषयी दोन ओळी लिहायला हव्या होत्या.