एका कान्यापायी

काना. 'म'ला लावलेली एक उभी रेघ. तेवढ्यापायी आज माझा फेरफाराचा अर्ज, म्हणजे बाबांच्या जागी सातबाऱ्यावर माझं नाव चढवायचा, तिसऱ्यांदा परत आला.

सातबाऱ्यावर बाबांचं नाव 'माहादेव', मृत्यूच्या दाखल्यावर 'महादेव'. बाबूच्या तोंडात खर्रा, मान आभाळाकडं. तसाच गुळगुळत म्हणतो, "हे दोन वेगळे मानसं हायेत." मी म्हटलं, साहेब, गट नंबर तोच, गाव तेच, आजोबाचं नाव तेच, दुसरा माहादेव आणू कुठून? तर म्हणे, "१५५ चा अर्ज टाका, चूक दुरुस्तीचा. तहसीलदार साहेबाचा आदेश लागते." टाकतो म्हटलं. "पन तो खातेदारानं टाकाव लागते." अहो, खातेदार मेला म्हणून तर आलो! "मंग आधी तुमचं नाव चढवा." आणि माझं नाव काहून चढत नाही? कान्यापायी. पाऊण तास आम्ही दोघं घाण्याच्या बैलासारखे फिरलो. शेवटी तो थुंकायला उठला तो परत आलाच नाही. रिकाम्या खुर्चीवर पंखा गरगरत होता अन् माझी फाईल उडू नये म्हणून तिच्यावर अर्धी वीट ठेवलेली होती. बाहेर हे ऊन. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला तर बसस्टँड येईस्तोवर कोरडा ठाक.

बाबा गेले २०२४ च्या पोळ्याआधी. २०२५ च्या एप्रिलात ती 'जिवंत सातबारा' मोहीम आली, बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर पसरलेली. मेलेल्यांची नावं काढणार, वारसांची चढवणार. अर्ध्या गावाची चढली. आमचे बाबा सातबाऱ्यावर अजून ठणठणीत. तलाठ्याच्या पदाचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' करायचं होतं तेव्हा बरं झटक्यात झालं! तिथं नाही कुणी काना-मात्रा तपासली.

तिकडे सोसायटी म्हणते, पीककर्ज पाहिजे तर तुमच्या नावाचा सातबारा आणा. दोन हंगाम कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं उचललं. मिरीग पुन्हा तोंडावर आला. उधारीवाला आता मला लांबून पाहिलं की वही उघडतो.

बँकेचं तर विचारूच नका. बाबांच्या खात्यात अडतीस हजार, नॉमिनीचा रकाना कोरा. म्हणे कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा. वकील, पेपरातली नोटीस, तारखा, मग अडतीस हजारातून उरणार काय, चहा? मी छाती पुढं काढून सांगितलं, रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्येच लिहून दिलंय, कागद पुरे झाले की १५ दिवसांत दावा निकाली काढा. मॅनेजर हसला. "कागद पुरे झाले की," म्हणाला.

आणि ते स्टॅम्प पेपर! २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराचा पाचशे झाला. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे म्हणतात, ते अर्जनवीसाला सांगून पहा. तो तुमच्याकडं असा पाहतो जशी तुम्ही त्याची म्हैस सोडली. पुण्याचा मावसभाऊ फोनवर विचारतो, "ऑनलाईन का नाही करत? प्रोबेट घेतलं का?" अरे बावा, प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का, ते लफडं मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचं होतं, तीही सक्ती २०२५ मध्ये गेली! बाबांनी मृत्युपत्र सोड, किराण्याची यादी कधी लिहिली नाही. हाच मावसभाऊ तेरवीच्या पंगतीत बुंदी खाता खाता विचारत होता, एकरी भाव काय चाललाय तुमच्याकडं.

तर आज घरी आलो तो डोकं तापलेलं. मायनं पाणी दिलं, तेही नको म्हटलं. म्हटलं जुना हातानं लिहिलेला सातबारा काढतो, त्यावर 'महादेव' असणारच, उद्या नेऊन आदळतो त्याच्या टेबलावर. बाबांची पत्र्याची पेटी उपसली. सातबारा निघाला. 'माहादेव'. शाळेचा दाखला निघाला. 'माहादेव'. सोसायटीच्या पावतीवर त्यांची स्वतःची सही, थरथरती, पण कान्यासकट. जन्मभर तो माणूस काना देत आला आणि मी पाहिला नाही.

मृत्यूची नोंद करताना ग्रामपंचायतीतला फॉर्म कोणी भरला होता? मीच. शुद्ध मराठीत.

मायला सांगितलं. ती म्हणे, "तूच तर त्यायच्या सहीले हसे ना, अशुद्ध लिहिते म्हनून."

पेटी उघडीच होती तर माझं पासबुकही पाहून घेतलं. नॉमिनी कोरा. आणि दारातली मोटारसायकल सहा वर्षांपासून ज्याच्याकडून घेतली त्याच्याच नावावर आहे. तो मेला तर वारस मी नाही, एवढं आता मला पक्कं माहीत आहे.

ग्रामसेवक मंगळवारीच भेटतो. आता दाखल्यात काना टाकून घ्यायचा. फॉर्मवर सही कोणाची आहे, हे तो पाहिल्याशिवाय राहणार नाही.