गिरणगावाची सुरुवात घाटात झाली

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपण गिरणीमालकांपासून सांगायला घेतो. माझ्या मते तो पुण्याकडे जाणारा बोरघाट आणि नाशिककडे जाणारा थळघाट यांच्यापासून सांगायला हवा.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवर लादून तांडे घेऊन येत. पाऊस लागला की काळ्या मातीच्या वाटा बंद होत, माल भिजे आणि बंदरावर पोहोचेपर्यंत त्याची प्रत उतरलेली असे. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाल्याने पुण्याकडची वाहतूक सुधारली, तरी खरा अडसर सह्याद्रीच होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली रेल्वे घाट चढेपर्यंत देशावरच्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये, म्हणजे घाटातली रेल्वे होण्याआधीच, ताडदेवला सुरू झाली, हे खरे आहे. गुजरातचा कापूस समुद्रमार्गे येऊ शकत होता. परंतु तेवढ्यावर एखाद-दुसरी गिरणी चालते, गिरणगाव उभे राहत नाही.

बोरघाटातले काम १८५६ ते १८६३ चालले. सुमारे २५ किलोमीटरच्या मार्गात ५५० मीटरहून अधिक चढ आणि २५ बोगदे; खंडाळ्याजवळ तर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि मगच ती पुढचा चढ चढे. १८६१ मध्ये तेथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांतले असंख्य दगावले, मजुरीसाठी १८५९ मध्ये दंगाही झाला. त्याच वर्षी ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. त्यांचे नाव निदान नोंदलेले आहे. मजुरांपैकी कोणाचेच आपल्याला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१८६५ मध्ये थळघाट खुला झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. हा खटाटोप इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना कच्चा कापूस पुरवण्यासाठी होता, मुंबईत कापड विणले जावे म्हणून मुळीच नव्हता. तरीही बंदराकडे निघालेल्या गाठी परळ-चिंचपोकळीत उतरवून घेणे आता सोपे झाले आणि १८७० च्या दशकात गिरण्या भराभर वाढल्या. पुढे जमशेटजी टाटांनी तर गिरणीच कापसाच्या मुलखात नेली: १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि तिची अवजड यंत्रे तेथवर नेणे शक्य झाले तेही याच रुळांमुळे.