डाव्या पायाची किक

डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याला जिना बंद केला, त्याच आठवड्यात मी येझदी मोटरसायकल घेतली.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगतो. येझदीची किक डावीकडे असते. म्हणजे खरं तर वेगळी किक नसतेच. गिअरचा जो दांडा असतो तोच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, आणि गाडी सुरू झाली की तो परत खाली आणायचा, की झाला गिअर. नवखा माणूस उजवीकडे किक शोधत राहतो. १९८४ साली साताऱ्यात राजवाड्याजवळून आमच्या वडिलांची गाडी चोरीला जाता जाता राहिली ती याच कारणाने. सकाळी गाडी जागच्या जागी होती, फक्त उजवीकडचं ब्रेकचं पेडल लाथा खाऊन वाकलं होतं. बिचाऱ्याने रात्रभर प्रयत्न केलेला दिसत होता.

ती गाडी मी पुढे कॉलेजला वापरली, नोकरीला वापरली आणि २००१ साली मुलीच्या बारशाआधी विकली. लिटरला तीस किलोमीटर आणि दुधाच्या डब्याचा खर्च एकाच पगारात बसत नव्हता. त्यानंतर वीसेक वर्षं मी बटण दाबलं की सुरू होणाऱ्या गाड्या चालवल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. घरातला फ्रिजही उत्तम चालतो, पण त्याच्या आठवणीने कुणी रात्री उठून बसत नाही.

नवी गाडी सापडली कोरेगाव तालुक्यातल्या एका पोल्ट्रीत. १९८८ चं मॉडेल. सीटवर तीन कोंबड्या, टाकीवर एक कोंबडा. मालक म्हणाला, "गाडी एक नंबर हाय, पाव्हणं. परवाच टूलबॉक्समधी अंडं घावलं." हा गुण की दोष हे मला ठरवता आलं नाही, पण सौदा झाला. टेम्पोतून गाडी घरी आली तेव्हा बायकोने ती चारी बाजूंनी पाहिली, वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "अहो, माणसं या वयात माळ घालतात."

कागदपत्रांचं प्रकरण वेगळंच. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मी सगळं रीतसर केलं. कोंबड्यांखालून काढलेल्या त्या गाडीला सरकारने पुढच्या पाच वर्षांसाठी तंदुरुस्त असल्याचं लिहून दिलं. माझे डॉक्टर मला तीन महिन्यांच्या पुढचं काही लिहून देत नाहीत.

मग ऑइल. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पूर्वी पंपावर त्यासाठी वेगळी नळी असायची, "किती टाकू?" असं पंपवाला स्वतःहून विचारायचा. आता टू-टी ऑइल म्हटलं की पंपावरची मुलं एकमेकांकडे बघतात. म्हणून मी बाटली खिशात घेऊन जातो. प्रमाण लिटरला ४० मिली, आणि ते मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. १० मिलीच्या खुणेपर्यंत चार वेळा भरायचं आणि एक थेंबही न सांडता टाकीत ओतायचं. एकदा मागच्या रांगेतल्या बाई काळजीने म्हणाल्या, "काका, गाडीला कफ झालाय का?"

गाडी घरी सुरू व्हायची. रस्त्यात, लोकांसमोर मात्र लाजायची. पोवई नाक्यावर एकदा मी सलग चौदा किका मारल्या. पंधराव्या किकेला तिने उलटी किक दिली आणि दांडा नडगीवर बसला. मी एका पायावर उभा राहून सातारा शहराच्या भूगोलाचा विचार करत असताना एक दूधवाला थांबला. त्याच्याही बुडाखाली येझदी, दोन्ही बाजूंना कॅन. काही न बोलता उतरला, माझ्या गाडीचा दांडा बोटाएवढा हळू दाबत आणला, दाब लागल्यावर थांबला, आणि मग एकच किक. फट-फट-फट. दोन्ही सायलेन्सरमधून धूर. "आधी तिला इचारायचं, मग लाथ घालायची," असं म्हणून त्याने कॅन सावरले. "जुलैतल्या दुसऱ्या रविवारी या नाक्यावर. समदे असत्यात."

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा सण. जावा हे येझदीचं आधीचं नाव. देशभरात लोक त्या दिवशी आपापल्या गावात गाड्या घेऊन बाहेर पडतात. पंचांगात नाही, पण पाऊस मात्र ठरलेला.

सकाळी सहाला नाक्यावर अकरा गाड्या होत्या. मी जीव मुठीत धरून पोचलो, कारण इथे माणसाची किंमत त्याच्या किकेवरून ठरते हे मला कळून चुकलं होतं. एक निवृत्त एसटी मेकॅनिक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. कोणत्याही रोगावर त्यांचं निदान एकच, सीबी पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी इंजिनातली छोटी कळ. एक दातांचे डॉक्टर, ज्यांची लाल जावा इतकी चकचकीत होती की तिच्या टाकीत बघून मी केस विंचरले. एक तेवीस वर्षांचा मुलगा नवी येझदी घेऊन आला होता, बटणवाली. आमच्या किका चालू असताना तो बिचारा अपराध्यासारखा उभा होता. आणि दूधवाला उशिरा येणार होता, कारण म्हशींना रविवार नसतो.

चहा घेऊ म्हणून समर्थ मंदिराजवळ थांबलो. तिथे डॉक्टरांनी इतिहास सांगितला. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकचा 'जा', वांडररचा 'वा', झाली जावा. मी लहानपणी ही गाडी इंडोनेशियाच्या बेटावरून बोटीने येते असं समजत होतो. आणि तिकडे उच्चार म्हणे 'यावा' असा आहे. यावर अण्णा म्हणाले, "मग बरोबरच हाय की. आपण किक मारताना दुसरं काय म्हणतो? आवाज यावा, आवाज यावा."

म्हैसूरला १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या, १९७३ नंतर नाव येझदी झालं, १९९६ ला कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी नव्या रूपात आली, महिंद्रांच्या गटाकडून. ही नवीवाली त्या मुलाकडे होती. "फोर-स्ट्रोक आहे, काका," तो हळूच म्हणाला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुखवट्याला जसा ठेवतात तसा.

चहा प्यायला उतरताना मी सवयीने पेट्रोलचा कॉक बंद केला होता. ही वडिलांची शिकवण. कॉक उघडा राहिला की पेट्रोल झिरपत झिरपत इंजिनात उतरतं, मग सकाळी किक मारून जीव जातो. "गॅसचा नॉब आणि येझदीचा कॉक, दोन्ही बंद करून झोपायचं," असं ते म्हणत. चहानंतर एका किकेत गाडी सुरू झाली. सगळ्यांनी पाहिलं. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर देणाऱ्या या गाडीचा रुबाब काय वर्णावा! क्लच न दाबता गिअर बदलला, येझदीत ते चालतं, आणि यवतेश्वरच्या घाटात सगळ्यांच्या पुढे निघालो.

पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर गाडी जराशी खोकली आणि बंद पडली.

धुकं, भुरभुर पाऊस, खाली कुठेतरी सातारा, समोर अजिंक्यताऱ्याचा फक्त अंदाज. पाच मिनिटांत दहा गाड्या येऊन थांबल्या आणि दहा वैद्य उतरले. अण्णा लांबूनच म्हणाले, "पॉइंट." एकाने प्लग काढून पँटला पुसला आणि काळा आहे म्हणून मान हलवली. दुसऱ्याने त्याच्या हातून घेतला आणि म्हणाला, काळा नाही, ओला आहे. तिसरा म्हणाला, सायलेन्सरमध्ये कार्बन बसलाय, जाळून काढावा लागेल. म्हणजे कुठे, इथे? डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, प्लगच्या भोकात घातला, मोबाइलची बॅटरी मारली आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मला क्षणभर वाटलं आता म्हणतील, रूट कॅनल. चौथ्याने माझ्या ऑइलचं प्रमाण विचारलं. ४० मिली म्हटल्यावर "मी ३० च टाकतो" असं पुटपुटला, आणि तिथून ३० वाले आणि ४० वाले असे दोन तट पडून जुंपली. माझी गाडी मागे पडली.

एवढ्यात फोन वाजला. घरून.

"कुठे आहात?"

"घाटात."

"बंद पडली ना?"

"तसं नाही, जरा पॉइंट..."

"अहो, चहाला थांबला होतात का?"

"हो."

"मग कॉक उघडलात का?"

मी काही बोललो नाही. लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात याच घाटात तिने नवी साडी खोचून ही जात ढकलली होती. तेव्हाही चहा झाला होता. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी किलोमीटरभर चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. तिला तेव्हा आली नव्हती. आता मात्र ती विसरलेली नव्हती.

फोन खिशात ठेवला. इकडे ऑइलची चर्चा ऐन रंगात होती. मी टाकीवरचं पाणी पुसण्याचं निमित्त केलं आणि हात खाली नेऊन कॉक उघडला. मग वाटी भरायला वेळ हवा म्हणून अण्णांना म्हटलं, "एकदा पॉइंट बघताच का?" अण्णांचा चेहरा उजळला. झाकण उघडलं, पॉलिश पेपर मारला, तोंडाने फुंकर घातली. "हाण आता."

मी दांडा बोटाएवढा हळू दाबला. दाब लागला. विचारलं. मग लाथ.

फट-फट-फट.

अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं. "म्हटलं नव्हतं, पॉइंट?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याने कार्बन सांगितला होता तोही म्हणाला, "मला वाटलंच होतं." दूधवाला तेवढ्यात घाट चढून आला, थांबला, माझ्या कॉककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुढे निघून गेला.

दुपारी घरी आलो तर बायकोने दारातच रेनकोट घेतला आणि नाक मुरडलं. "ऑइलचा वास येतोय."

"येणारच."

"काय झालं होतं मग?"

"पॉइंट," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि रेनकोट वाळत घालायला गॅलरीत गेली. तिथून तिचा आवाज आला, "चहा टाकते. गाडीचा कॉक बंद करून या."