‘डोअर’ हा ‘द्वार’वरून आलेला नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. ‘इंग्रजांनी आपले शब्दसुद्धा लुटले’ असा मथळा आणि खाली घराच्या भागांची यादी: द्वारचं डोअर झालं, वातायनाचं विंडो, होमहवनाचं होम, वलयाचं वॉल, इष्टिकेचं ब्रिक. शेवटी पुरावा म्हणून सर विल्यम जोन्स या अठराव्या शतकातल्या इंग्रज संस्कृत-अभ्यासकाचं एक वाक्य. मोठ्यांनी एकमेकांना पाठवलं तोवर ठीक होतं. आता माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी हेच पाठ केलं आहे आणि तिला भाषणाबद्दल शाबासकीही मिळाली आहे. म्हणून लिहिते आहे.

सर्वांत आधी ‘होम’, कारण यादीतला सर्वांत बिनबुडाचा दावा तोच. म्हणे, घरोघरी होम होत असत म्हणून घराला ‘होम’ म्हणू लागले. अहो, या शब्दात मुळात ‘ओ’ नव्हताच! जुन्या इंग्रजीत तो ‘हाम’ होता. दगडाला ‘स्टान’ म्हणत, त्याचं पुढे ‘स्टोन’ झालं. त्याच ओघात, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास, ‘हाम’चं ‘होम’ झालं. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या गावांच्या नावांत तो जुना ‘हाम’ अजून बसलेला आहे. जर्मनमध्ये तोच शब्द ‘हाइम’ आहे. आणि आपला ‘होम’ आला ‘हु’ या धातूपासून, आहुती अर्पण करणे या अर्थाने. संस्कृतातल्या अशा ‘ह’च्या जागी इंग्रजीत ‘ग’ येतो: आपला हंस तो त्यांचा ‘गूस’. म्हणजे ‘होम’ला इंग्रजीत नातलग असलाच, तर तो ‘ग’ने सुरू व्हायला हवा. इंग्रजी ‘होम’चं नातं अभ्यासक जोडतात ते ‘क्षि’ म्हणजे वस्ती करणे या धातूशी, ज्यातून आपला ‘क्षेम’ आला. खरं नातं इतकं सुंदर असताना हवनाची गोष्ट रचायची गरज काय होती?

आता ‘डोअर’. इथे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. द्वार आणि डोअर खरोखरच नात्यातले शब्द आहेत. पण ती भावंडं आहेत. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

समजा, इंग्रजांनी हा शब्द भारतात येऊन उचलला. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याचं हस्तलिखित साधारण इ.स. १००० च्या आसपासचं आहे. त्यात राक्षस सभागृहाचं दार फोडून आत येतो आणि त्या दाराला शब्द आहे ‘दुरु’. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, बायबलचं गॉथिक भाषेत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या एका जुन्या बहिणीत, भाषांतर झालं. त्यात दार म्हणजे ‘दाउर’. तेव्हा कुठली कंपनी आणि कुठली लूट?

बरं, समजा फार फार पूर्वी संस्कृतातूनच तो तिकडे गेला. तोही रस्ता बंद आहे, आणि तो बंद केला आहे खुद्द संस्कृतनेच. जुन्या ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ होतो: द्वि-टू, दश-टेन, दन्त-टूथ. आणि ‘ध’चा होतो ‘ड’: मधु-मीड, विधवा-विडो. मग ‘डोअर’च्या मागे ‘द’ असू शकत नाही, ‘ध’ हवा. ग्रीकमध्ये दार ‘थुरा’, लॅटिनमध्ये ‘फोरेस’. आपल्या ‘धूम’शी ताडून पाहा: ग्रीक ‘थूमोस’, लॅटिन ‘फूमुस’. तिथेही ‘ध’च निघतो. म्हणजे मूळ शब्द ‘ध्व’ने सुरू होणारा होता आणि संस्कृतने त्याचा ‘द्व’ केला. का केला? नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की दाराला दोन फळ्या, म्हणून ‘द्वि’कडे ओढा. ऋग्वेदातल्या आप्री सूक्तांत, म्हणजे यज्ञातल्या आवाहनाच्या सूक्तांत, ‘द्वारो देवीः’ असं अनेकवचन येतं, लिथुआनियन भाषेत ‘दुरिस’ अनेकवचनीच, लॅटिन ‘फोरेस’ही तसंच. या सगळ्या बहिणींना ते दुपाखी दार आठवत होतं. ज्या शब्दात संस्कृतने स्वतः बदल केला, तोच बाकीच्यांचा मूळ शब्द कसा असेल?

इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्याच घराच्या चौकटीपाशी थांबा. आपण ‘दार’ म्हणतो आणि ‘दरवाजा’ही म्हणतो. ‘दार’ आलं संस्कृत-प्राकृतातून, वारशाने. ‘दरवाजा’ आला फारसीतून, उसना. आणि फारसी ‘दर’ही त्याच प्राचीन मुळाचा. दोन्ही शब्द एकाच कडी-कोयंड्याला लागू, दोन्ही नात्यातले, पण एकापासून दुसरा झालेला नाही. दिसायला सारखे म्हणून हा त्याचा मुलगा, असं ठरवायची घाई करणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

विंडो: जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या, ‘विंदाउगा’वरून. ‘विंद’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. ‘वात’ आणि ‘विंद’ एका मुळाचे आहेत, हे कबूल. पण शब्द बनला उत्तर युरोपात, आणि स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात आलेल्या लोकांनी तो आणला. आपल्या ‘गवाक्षा’तही डोळा आहे, बैलाचा. वॉल लॅटिन ‘वल्लुम’वरून, म्हणजे मेढेकोट. ब्रिक फ्रेंच-डच वाटेने आला. इष्टिकेची मुलं आपल्याकडे आहेत, ईंट आणि वीट.

उरला जोन्स यांचा पुरावा, आणि माझा खरा राग याच्यावर आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत ते म्हणाले की संस्कृतची रचना ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा समृद्ध आहे. मेसेज इथे थांबतो. जोन्स थांबले नाहीत. पुढे त्यांनी सांगितलं की या तिन्ही भाषा अशा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, जो कदाचित आता अस्तित्वातच नाही. दाव्याच्या बरोबर उलटं वाक्य कापून टाकायचं आणि उरलेलं पुरावा म्हणून मुलांच्या हाती द्यायचं, ही फसवणूक आहे. ज्या देशात पाणिनीने एकेका वर्णाचा हिशेब ठेवला, ज्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश एकेक दाखला तपासून उभा केला जातो आहे, तिथे हे चालवून घ्यायचं?

आणि आपल्याकडून इंग्रजीने घेतलेले शब्द हवेच असतील, तर बांधकामातलेच घ्या. ‘बंगला’ त्यांनी घेतला. आपली ‘चाळ’ही इंग्रजी कोशांत आहे. त्यांची नोंद आहे, वाट माहीत आहे. भाषणात ते घाला.